डोक्यातली पीकपाहणी

अनसूया जगदाळेच्या खालच्या उजव्या दाढेने, अनसूयेच्याच डोक्यातली, तिच्या उजव्या हाताच्या बोटांची पड जमीन आपल्या नावे व्हावी म्हणून तहसील कचेरीत दावा लावला. निंबसर गावात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. वाटायचं कारणही नव्हतं. कसेल त्याची जमीन हा कायदा शिवारात लागू होऊन जमाना झाला होता, आणि तो डोक्यातही लागू झाल्यापासून असले दावे घरोघर चालायचे. वरच्या आळीतल्या आबा निकमाचा पाय उसाच्या ट्रॉलीखाली गेला, तर साल उलटायच्या आत पायाची जमीन मांडीने घशात घातली. मांडी खाजवली की नसलेल्या तळव्याला बरं वाटतं, असं आबा पारावर बसून सांगायचा. लोक म्हणायचे, झालं ते बरं झालं, घरातली जमीन घरात राहिली.

डोक्याच्या आतला वरचा थर म्हणजे एक गावच असतं. अंगाच्या प्रत्येक भागाची तिथे जमीन. ओठ आणि बोटांची टोकं हे बडे बागायतदार. एवढीशी असून निम्मं शिवार दाबून बसलेली. पाठ बिचारी एवढी थोरली, जन्मभर ओझी वाहते, पण तिच्या वाट्याला वीतभर मुरमाड माळ. उजव्या अंगाची जमीन डाव्या बाजूला आणि डाव्याची उजव्या. ही वाटणी कुणी केली आणि करताना तो शुद्धीवर होता का, देव जाणे. आता ती मोडायला कोण बसलंय? आणि हाताच्या शिवाराला लागूनच तोंडाचं शिवार, मधे नुसता एक बांध. अनसूयेचं सगळं दुखणं त्या बांधावर होतं.

कोतवाल डफडं वाजवत आळीत आला. ‘ऐका हो ऐका! रंगराव जगदाळ्याच्या अनसूयेच्या डोक्यात पड पडलेल्या जमिनीवर तिच्या दाढेचा दावा हाय. कुणाची हरकत आसंल त्यानं बाजाराच्या दिशी चावडीत यावं होऽ!’

अनसूया भाकरी थापत होती. तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, फुगू दिली. मग म्हणाली, ‘माझी हाय हरकत.’ चुलीपुढे ऐकायला मांजराशिवाय कुणी नव्हतं.

त्या जमिनीत काय होतं ते सगळ्या आळीला ठाऊक होतं. भाकरी, शेण, खुरपं यांचे वाफे चालू होते; पड होता तो नुसता वेणीचा तुकडा, आणि त्यात शेवंताचे केस होते. शेवंता ही अनसूयेची एकुलती एक पोर, गेल्या पावसाळ्यात तापात गेली. केस कमरेच्या खाली, जाड, कितीही तेल चोपडा, न मानणारे. वेणीला बसली की पोर घटकाभर स्वस्थ राहायची नाही. अंगणातून कोंबडी गेली की मान इकडे, दारावरून कुणी गेलं की मान तिकडे. पेड हातातून सुटायचा, आणि अनसूया पाठीत धपका घालायची. ‘हलू नगंस गं भवाने!’ आता ते केस पोरीबरोबरच गेले. घरात बोटभर बटसुद्धा मागे राहिली नाही. फणीत निघालेले गुंतवळ अनसूयेने साठवून भांडीवालीला घातले होते आणि त्यावर चहाची गाळणी घेतली होती. ती गाळणी रोज दोनदा तिच्या समोर यायची.

पण सकाळी अंगण झाडून झालं की अनसूया उंबऱ्यावर बसायची आणि तिची बोटं आपसूक उठायची. समोर वाऱ्याशिवाय काही नसे. तरी बोटांच्या टोकांना केस लागायचे, अगदी खरे. तीन पेड सुटे व्हायचे, एकावर एक पडायचे, आणि मधेच एखादा पेड हिसका द्यायचा, कोंबडी दिसल्यासारखा. मग अनसूया हलकेच म्हणायची, ‘हलू नगंस गं.’ वेणी पुरी झाली की ती उठून शेणाला हात घालायची. तेवढ्या जिवावर तिचा पुढचा दिवस निघायचा. रंगराव, तिचा नवरा, त्या वेळी मुद्दाम गोठ्यात जाऊन म्हशीपाशी उभा राहायचा.

दाढ किडली संक्रांतीच्या सुमाराला. आधी गार पाण्याने ठणकायची, मग गोडाने, मग उगीचच. माणूस जागा असो की झोपलेला, ती आपली कामात. शेजारी जमीन मोकळी दिसल्यावर तिने बांध कोरायला घेतला. एके सकाळी वेणी घालताना अनसूयेच्या उजव्या अंगठ्याला, केसांच्या जागी सणकन ठणका लागला. तिने हात झटकला. पुढचे पेड उलगडले ते उलगडलेच.

दाव्याची मोजणी करायला अत्तार मोजणीदार आले. हे सडपातळ, हळू बोलणारे गृहस्थ होते आणि त्यांनी तालुक्यातली निम्मी डोकी मोजली होती. अनसूयेला पाटावर बसवून त्यांनी तिच्या भांगाच्या डाव्या अंगाला फक्कीची बारीक रेघ ओढली, वरून ओळंबा धरला, आणि तिच्या उजव्या हाताच्या एकेका बोटाला बाभळीच्या काट्याने टोचलं. ज्या बोटाला टोचावं, त्याच्या जमिनीवर ओळंबा जाऊन थांबायचा. करंगळी ठीक निघाली. तिच्या शेजारचं बोट ठीक, मधलं ठीक, पहिलं ठीक. बांधालगतच्या अंगठ्याला मात्र ओळंबा भरकटला आणि तोंडाच्या शिवारावर जाऊन हेलकावे खात राहिला.

‘दाढ आत आलीय,’ अत्तार म्हणाले. ‘निम्मा अंगठा गेलाय, ताई.’

रंगराव दाराशी उभा होता. ‘साहेब, मी काय म्हंतो, दाढच उपटून टाकली तर?’

‘वादीला? दावा चालू असताना?’ अत्तारांनी ओळंबा गुंडाळला. ‘असं बोलू पण नका. तालुक्याचा दातांचा डॉक्टर तरी हात लावेल का बघा.’

रंगराव विचारून आला होता. डॉक्टरने बॅटरी लावून आत पाहिलं होतं, दोन पावलं मागे सरकला होता, आणि प्रकरण कोर्टात आहे म्हणून हात जोडले होते. ‘आपलेच दात आन् आपलेच ओठ,’ रंगराव म्हणाला. ‘कुणापुढं बोंब मारायची?’

चावडीत सुनावणीला नायब तहसीलदार मॅडम स्वतः आल्या. दाढेच्या बाजूने पोतनीस वकील होते. ते काळा कोट सावरत अनसूयेपाशी गेले, ‘बाई, जरा अशिलाशी बोलायचंय,’ म्हणाले, आणि तिच्या गालाला नळी लावून बराच वेळ मान हलवत ऐकत राहिले. अनसूया लाजून पदर ओढून बसली. आपलं तोंड आपल्याविरुद्ध काय सांगतंय ते तिला ऐकू येत नव्हतं, नुसतं ठणकत होतं.

‘मॅडम,’ पोतनीसांनी नळी खिशात घातली, ‘माझं अशील अहोरात्र राबतंय. त्याच्या जमिनीत एक कोपरा पड नाही. जागा अपुरी पडते म्हणून निम्मा ठणका कानाच्या हद्दीत टाकावा लागतो, आणि कानाची रोज तक्रार. आणि शेजारी बघा. एवढी काळी कसदार जमीन. तिथे काय आहे? मयताचे केस. मयताच्या नावे पीक लागत नाही.’

‘मयत म्हनू नगा,’ अनसूया म्हणाली. ‘शेवंता म्हना.’

‘शेवंताच्या नावे पीक लागत नाही,’ पोतनीसांनी दुरुस्ती केली आणि खाली बसले.

मॅडमनी अनसूयेकडे पाहिलं. ‘बाई, तुमची वहिवाट आहे का त्या जमिनीत?’

‘हाय की. रोज सकाळी वेणी घालते.’

‘कशाची?’

अनसूयेने हात वर केले, बोटं जराशी हलवली, आणि परत मांडीवर ठेवली. अत्तार उभे राहिले. ‘मॅडम, बोटांना केस लागतात हे खरं आहे. मी ओळंबा धरून पाहिलंय. पण ती आठवण आहे. आठवण म्हणजे बिनपेरलेलं गवत. पावसाच्या ओलीवर येतं आणि आपसूक जातं. वहिवाट धरायची तर बोटांखाली काहीतरी खरं लागलं पाहिजे आणि बोटांनी त्यावर काम केलं पाहिजे.’

‘मला वाईट वाटतं, बाई,’ मॅडम म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं, तोंडावर दिसत होतं. ‘पण वाईट वाटण्याला कायद्यात कलम नाही. दिवाळीनंतर पीकपाहणी होईल. तोवर जमीन कसून दाखवा. कसलेली दिसली तर दाढेचा दावा निकाली. पड दिसली तर जमीन दाढेची.’

‘दाढेला दिल्यावर केसांचं काय हुईल?’ अनसूयेने विचारलं.

‘तिथे ठणका लागेल,’ अत्तारांनी सांगितलं. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती.

घरी आल्यावर अनसूया पहिल्यांदा रडली. पोर गेली तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. तेव्हा नुसती दगडागत बसून होती. ‘आता हात बी नेत्यात माझा,’ ती म्हणाली. ‘पोर नेली ती नेली, हातातली पन नेत्यात.’ रंगरावने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मग म्हशीला पाणी पाजायचं राहिलंय म्हणून उठला. म्हशीला त्याने मघाशीच पाणी पाजलं होतं.

शेजारून जाऊबाई आली. ती मनाने वाईट नव्हती. ‘असं काय करती गं? आमच्या सुरेखाची घाल की रोज वेणी. तिचे बी केस लांब हायती. तुझी जमीन वाचंल, माझी सकाळची कटकट वाचंल.’

अनसूयेने अत्तारांना विचारायला रंगरावला धाडलं. अत्तारांचं उत्तर सरळ होतं: चालेल, खुशाल घाला, पण मग त्या जमिनीत सुरेखाचेच केस उभे राहतील आणि नोंदही सुरेखाच्याच केसांची होईल.

‘न्हाई जमायचं,’ अनसूया म्हणाली. ‘माझ्या पोरीच्या जागंवर दुसरी पोर बसवायची न्हाई.’

जाऊबाई फणकारली. ‘माझी पोर काय रस्त्यावरची हाय?’ पुढे बरेच दिवस दोन घरांत विरजणाची देवघेव बंद होती.

तोड काढली हौसाबाई लोखंडेने. हौसाबाई ओढ्याकडच्या अंगाला राहायची आणि वाखाचे दोर वळायची. घायपाताची पानं कुजवून, बडवून काढलेला तो पांढरा धागा तिच्या दारात नेहमी वाळत पडलेला असायचा. म्हशीचं दावं घ्यायला अनसूया गेली तेव्हा हौसाबाईने सगळं ऐकून घेतलं, तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली, आणि म्हणाली, ‘अगं, वाखाची तीनपेडी घाल. बोटांला काम झालं, हातात खरं काय तरी लागलं. आन् दोराला काय नाव आसतंय व्हय? दोर काय कुनाची लेक न्हाय का सून न्हाय. जमीन कसलेली दिसंल, आन् आत तुझी शेवंता हाय तशी ऱ्हाईल. दगडापरीस वीट मऊ, बाई.’

अनसूयेला ते पटलं. रंगरावलाही पटलं. अत्तारांनासुद्धा विचारलं, तर ते विचार करून म्हणाले, दोर वळू नये असं कायद्यात कुठे नाही. इतकी साधी गोष्ट आधी कशी सुचली नाही, असं जो तो म्हणू लागला.

अनसूया कामाला लागली. सकाळी आधी वाऱ्यातली वेणी घालायची, मग वाखाची जुडी खुंटीला अडकवून तीनपेडी. पहिल्या दिवसांत धागा बोटं कापायचा. ती खोबरेल लावून परत बसायची. टोकाला आल्यावर हात आपसूक रिबिनीकडे जायचा. दोराला कुणी रिबीन बांधतं का? पण तिने बांधली, लाल, फुलाची गाठ मारून.

दाढेला ते झोंबलं. पोळ्याला तिने असा काही ठणका मारला की अनसूयेचा गाल पुरणपोळीएवढा सुजला. पण बोटं आता ऐकत नव्हती. ती भराभर चालायची, आणि जितकी चालायची तितका ठणका मागे हटायचा. गौरी-गणपतीपर्यंत अंगठा साफ मोकळा झाला. रंगराव पारावर सांगू लागला, ‘आमच्या हिनं बांध परत घातला.’ अनसूयेचे दोर सरळ, एकसारखे पडू लागले. आळीतल्या गाई-म्हशी लाल फुलांच्या दाव्यांनी बांधलेल्या दिसू लागल्या.

नवरात्रात एका सकाळी वाऱ्यातली वेणी जरा खरखरीत लागली. अनसूयेला वाटलं, पोरीच्या केसांना कितीक दिवसांत तेल नाही. तिने वाटीत तेल कोमट केलं, आपल्याच तळहातांना चोळलं, आणि पुन्हा वेणीला बसली. तेवढ्यापुरते केस मऊ लागले. मग दसऱ्याची झाडलोट आली, भिंती सारवायच्या होत्या, सकाळ अपुरी पडू लागली. एखाद्या दिवशी ती वाऱ्यातली वेणी सोडून थेट वाखाला बसायची. मनाशी म्हणायची, हेही तिच्यासाठीच तर चाललंय. आणि ते खरंच होतं.

दिवाळीनंतर पीकपाहणीला अत्तार आले, पोतनीस आले, पंच म्हणून आबा निकम कुबडी टेकत आला. दोर आणि वाख त्यांनी खोलीबाहेर ठेवायला लावला. अनसूया न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून पाटावर बसली. अत्तारांनी फक्की ओढली, ओळंबा धरला, काट्याने टोचलं. करंगळी, तिच्या शेजारचं बोट, मधलं, पहिलं. अंगठ्याला रंगरावने डोळे मिटून घेतले. ओळंबा सरळ गेला आणि जागच्या जागी उभा राहिला, जरासुद्धा थरथरला नाही.

‘जमीन कसलेली आहे,’ अत्तार म्हणाले. ‘बांध शाबूत. शेतकऱ्याने स्वतः कसलीय.’

पोतनीसांनी अनसूयेच्या गालाला नळी लावली आणि अशिलाला निकाल कळवला. दाढ एकदा ठणकली आणि आपल्या हद्दीत गप्प झाली. ‘आमची काही तक्रार नाही,’ पोतनीस म्हणाले. आबाने रंगरावच्या पाठीवर थाप मारली. रंगरावने नाक शिंकरायच्या निमित्ताने तोंड खांद्यावरच्या पंच्यात लपवलं, आणि चहा टाकायला आत धावला. चहा त्याने त्याच गाळणीतून गाळला.

‘एक नोंद राहिली,’ अत्तारांनी बशीतला चहा संपवून म्हटलं. ‘पीक कोणतं?’

‘केस,’ अनसूया म्हणाली. किती महिन्यांनी ती हसली होती. ‘शेवंताचे केस लिवा.’

‘लिहितो. पण पीक उभं पाहून लिहावं लागतं, ताई. डोळे मिटा. हात वर घ्या. आणि बोटांना काय लागतंय ते सांगा.’

अनसूयेने डोळे मिटले. तिची बोटं उठली, वाऱ्यात तीन पेड सुटे केले, एकावर एक टाकू लागली. दोनदा, तीनदा. मग बोटं जरा थांबली. तिने अंगठ्याने एक पेड चाचपला, दाणे पारखावेत तसा. दुसरा चाचपला. कपाळावर आठी पडली. तिने तळहात एकमेकांवर घासले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. रंगराव या खेपेला गोठ्यात गेला नाही; तो तिच्या हातांकडे पाहत होता.

‘ताई?’ अत्तार म्हणाले.

‘थांबा वं जरा,’ ती म्हणाली. ‘हितंच आसंल. खाली आसंल.’

अत्तार थांबले. आबाने मान खाली घातली. आपल्या तळव्याच्या जागी मांडी कशी उभी राहिली होती ते त्याला पुरतं ठाऊक होतं.

‘केस म्हन,’ रंगराव म्हणाला. ‘अगं, म्हन की केस. कोन बघाय आलंय आत?’

अनसूयेने डोळे उघडले. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ‘वाख हाय,’ ती म्हणाली. ‘वाखच हाय सगळा. बांधापतुर.’

अत्तारांनी पीक लिहिलं: वाख. मग बराच वेळ ते सामान आवरत बसले, आवरण्यासारखं फार नसूनही. अनसूयेने त्यांना विचारलं, ‘साहेब, पुन्यांदा केस लावाय येतील का ह्या जमिनीत?’

‘येतील की,’ अत्तार म्हणाले. ‘जमीन चांगली आहे, आणि तुमचीच आहे. ज्याचं पीक घ्यायचं त्याचं बियाणं फक्त पाहिजे.’ मग आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते चपला घालून निघाले.

दुपारी जाऊबाई विरजण घेऊन आली. जमीन राहिली म्हणून तिने अनसूयेच्या तोंडात साखर घातली. दाढेला साखर लागली तरी ती ठणकली नाही. हद्द ठरल्यावर ती आपल्या पायरीने वागत होती. रंगराव मळ्यात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनसूयेने अंगण झाडलं, सडा घातला आणि ती उंबऱ्यावर येऊन बसली. बोटं आपसूक उठली. वाऱ्यात तीन पेड हाताला आले, कोरडे, घट्ट, एकसारखे.

‘हलू नगंस गं,’ ती म्हणाली.

अंगणातून कोंबडी आडवी गेली. एकही पेड हलला नाही. वेणी सरळ, एका दमात, शेवटपर्यंत पुरी झाली.